एका लॅपटॉपातल्या दोन मशीन: निरोप जातो कसा, परत येतो कसा

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून भाचीचा फोन आला. "मामा, दोन्ही मशीन चालू हायेत, पण इकून पिंग केलं तर तिकून उत्तरच येऊन नाही राहिलं." पिंग म्हणजे एका मशीननं दुसरीला मारलेली हाक. तिनं व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका लॅपटॉपात खोटे संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन लिनक्स मशीन बसवल्या होत्या. दोन्हींत इंटरनेट चालत होतं. तरी एकीला दुसरी दिसत नव्हती आणि लॅपटॉपला तर दोन्ही दिसत नव्हत्या. मी यवतमाळला नेटवर्कचंच काम करतो. शिकाऊ मुलं सगळ्यात जास्त अडतात ती इथंच, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि गावात राहून, एकाच लॅपटॉपवर सर्व्हरचं काम शिकू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

कमांडा मी तिला फोनवर सांगतो तशाच, उच्चारानं लिहितो. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच घ्यायचे. टिंब म्हणजे पूर्णविरामाचा ठिपका, डॅश म्हणजे आडवी रेघ.

सामान

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. लॅपटॉपवर विंडोज आहे असं धरतो, कारण बहुतेकांकडे तेच असतं. व्हीएम, म्हणजे ही आतली खोटी मशीन, सुरूच होत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ते आधी चालू करा. मशीनसाठी डेबियनची नेट-इन्स्टॉल फाइल घ्या. ती एक जीबीच्या आत आहे, मोबाइलच्या रोजच्या डेटात बसते. पूर्ण डेस्कटॉप असलेली उबुंटू उतरवायला गेलात तर दोन-चार दिवसांचा डेटा त्यातच संपेल आणि इथं तिचा काही उपयोगही नाही. बसवताना मशीनला एक जीबी रॅम द्या. रूटचा पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे तुमच्या नावाला सुडो, म्हणजे मालकाच्या अधिकारानं कमांड चालवायची मुभा, मिळते. शेवटी काय काय बसवायचं हे विचारेल, तिथं डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून मशीनमध्ये शिरायची सोय) आणि स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज या दोनच ठेवा.

इंटरनेट आहे तोवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल टीसीपीडम्प' एवढं करून घ्या. येणारे-जाणारे निरोप दाखवणारं हे साधन पुढं लागणार आहे. यानंतरचा सगळा अभ्यास इंटरनेट नसताना करता येतो, आणि आपल्याकडे हे फार मोलाचं आहे. टॉवरची रेंज गेली तरी लॅपटॉपातले निरोप लॅपटॉपातच फिरतात.

इंटरनेट चालतं, मग एकमेकींना का दिसत नाहीत?

नव्या मशीनला व्हर्च्युअलबॉक्स एनएटी नावाची जोडणी देतं. मशीनमध्ये 'आयपी ॲड्र' टाइप करा, पत्ता दिसेल १०.०.२.१५. आता दुसऱ्या मशीनमध्ये तेच करा. तिथंही १०.०.२.१५! भाचीला वाटलं, तिचंच काही चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं. एनएटीत प्रत्येक मशीनला स्वतंत्र खोटा राउटर मिळतो. त्या राउटरचा पत्ता १०.०.२.२, आणि त्याच्यामागे एकटी तीच मशीन. दोन मशीन म्हणजे दोन वेगळ्या खोल्या, दोन्हींवर एकच घरक्रमांक. त्यांची गाठ पडणारच नाही.

पूर्वी गावात किराणा दुकानात एकच फोन असायचा, तो आठवा. सगळं गाव तिथून बाहेर बोलायचं. बाहेरच्याला दिसायचा तो दुकानाचा नंबर. तुम्ही फोन लावला तर उत्तर तुम्हालाच मिळायचं, कारण दुकानदारानं तुम्हाला लावताना पाहिलेलं असायचं. पण बाहेरून अचानक फोन आला तर कोणाला बोलवायचं, हे त्याला आधी सांगून ठेवलेलं असावं लागे. एनएटी तसंच वागतं. आतून निघालेल्या निरोपाचं उत्तर आत येतं, बाहेरून आपणहून आलेला निरोप दारातच थांबतो. ते 'सांगून ठेवणं' म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पोर्ट म्हणजे मशीनवरची आकडा दिलेली खिडकी. होस्टचा, म्हणजे लॅपटॉपचा, २२२२ पोर्ट मशीनच्या २२ पोर्टला जोडला, की लॅपटॉपवरून २२२२ वर एसएसएच करून मशीनमध्ये शिरता येतं. एकच मशीन असेल तर एवढ्यावर भागतं. मशीन वाढल्या की कुठला आकडा कोणाचा हे लक्षात ठेवण्यातच जीव जातो, म्हणून आपण त्या वाटेनं जाणार नाही.

ब्रिज्ड नावाची आणखी एक जोडणी आहे. तीत मशीन थेट घरच्या राउटरकडून पत्ता मागते, जणू दुसरा लॅपटॉपच घरात आला. केबलवर ती छान चालते. वायफायवर मात्र अडचण येते: वायफायचा ॲक्सेस पॉइंट एका कार्डामागे एकच मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, धरून चालतो, आणि इथं एका कार्डामागे दोन मशीन बोलू पाहतात. व्हर्च्युअलबॉक्स पत्त्यांची अदलाबदल करून निभावून नेतं, तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती कधी चालते, कधी नाही. गावात बहुतेकांचं इंटरनेट हॉटस्पॉटवरच असतं. त्यामुळं शिकायची सुरुवात ब्रिज्डनं करू नका असंच मी सांगेन. चूक तुमची की हॉटस्पॉटची, हेच कळत नाही.

दुसरं कार्ड: होस्ट-ओन्ली

मशीन बंद करा. सेटिंग्ज, नेटवर्क, ॲडॉप्टर २. तो चालू करा आणि 'अटॅच्ड टू'मध्ये होस्ट-ओन्ली ॲडॉप्टर निवडा. ॲडॉप्टर १ एनएटीवरच राहू द्या, इंटरनेट त्यातून येतं. म्हणजे मशीनला आता दोन दारं झाली: एक बाहेरगावी जायचं, एक लॅपटॉपकडे उघडणारं.

या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.५६.१ असतो. व्हर्च्युअलबॉक्स बसवतानाच हे खोटं कार्ड विंडोजमध्ये तयार होतं. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर १०१ पासून २५४ पर्यंतचे शेवटचे आकडे वाटतो. आपल्याला मात्र रोज बदलणारा पत्ता नको, कायमचा हवा. म्हणून त्या वाटपाच्या बाहेरचा १० घेऊ.

डेबियन सुरू केल्यावर पहिलं कार्ड ईएनपी०एस३ या नावानं दिसेल, दुसरं ईएनपी०एस८. दुसऱ्याला पत्ता नसेल, कारण ते नंतर आलं आणि डेबियनला त्याच्याबद्दल कोणी सांगितलेलं नाही. ईटीसी फोल्डरातल्या नेटवर्क फोल्डरात इंटरफेसेस नावाची फाइल आहे. 'सुडो नॅनो' लावून ती उघडा आणि शेवटी तीन ओळी जोडा. पहिली: 'ऑटो ईएनपी०एस८'. दुसरी: 'आयफेस ईएनपी०एस८ आयनेट स्टॅटिक'. तिसरी: 'ॲड्रेस १९२.१६८.५६.१०/२४'. शेवटचा /२४ सांगतो की पहिले तीन आकडे जाळ्याचे, चौथा मशीनचा. सेव्ह करून मशीन पुन्हा सुरू करा.

इथं एक ओळ मुद्दाम लिहायची नाही: गेटवेची. मी शिकत होतो तेव्हा या कार्डालाही गेटवे देऊन बसलो. त्याबरोबर मशीनचं इंटरनेट गेलं, आणि एक सबंध रात्र मी केबल, राउटर, सगळं तपासण्यात घालवली. गेटवे म्हणजे 'कुठं जायचं ठाऊक नसेल तर इकडे जा' असं सांगणारी पाटी. दोन दारांवर दोन पाट्या लावल्या, तर बाहेरगावचा निरोप लॅपटॉपच्या दाराशी जाऊन तिथंच अडकतो. 'आयपी राउट' टाइप करून पाहा, 'डिफॉल्ट'नं सुरू होणारी ओळ एकच असायला हवी.

आता विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पिंग १९२.१६८.५६.१०'. उत्तर येईल, आणि त्यात टीटीएल ६४ असं दिसेल. हा ६४ वहीत लिहून ठेवा.

उलट बाजूनं पिंग का जात नाही?

लॅपटॉपवरून मशीनला उत्तर मिळालं. आता मशीनमधून लॅपटॉपला, म्हणजे १९२.१६८.५६.१ ला पिंग करा. बहुतेक वेळा शांतता. मुलं इथं घाबरतात आणि केलेली सगळी मांडणी मोडून पुन्हा सुरुवात करतात. तसं करू नका. वाट ठीक आहे. आत्ताच तुमच्या लॅपटॉपचा निरोप गेला आणि उत्तर त्याच वाटेनं परत आलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. अडवतं आहे ते विंडोजचं फायरवॉल. आपण विचारलेल्याचं उत्तर ते आत येऊ देतं, परक्यानं आपणहून विचारलेलं गाळतं. होस्ट-ओन्लीचं जाळं त्याला अनोळखी वाटतं म्हणून ते त्याला पब्लिक समजतं आणि कडक वागतं.

काही जण फायरवॉलच बंद करून टाकतात. तोच लॅपटॉप उद्या तुम्ही तालुक्याच्या अभ्यासिकेतल्या वायफायला जोडणार आहात, तेव्हा कृपा करून हे करू नका. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, इनबाउंड नियमांत, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग या नावाखाली आयसीएमपीव्ही४ एको रिक्वेस्टचा, म्हणजे पिंगच्या हाकेचा, नियम आहे. पब्लिक प्रोफाइलचा नियम चालू करा, आणि त्याच्या स्कोप टॅबमध्ये रिमोट आयपीपुढं फक्त १९२.१६८.५६.०/२४ लिहा. दार उघडलं, पण घरच्यांपुरतंच.

पिंग म्हणजे नुसती हाक. खरा निरोप पाठवायचा तर मशीनमध्ये 'पायथॉन३ डॅश एम एचटीटीपी टिंब सर्व्हर ८०००' चालवा आणि विंडोजच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.५६.१०, पुढं विसर्गासारखे दोन ठिपके आणि ८००० टाइप करा. मशीनमधल्या फायलींची यादी लॅपटॉपवर दिसेल. भाचीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोनवर तिचा आवाजच बदलला होता.

पुढं कधी पिंग जातं पण पान उघडत नाही असं झालं, तर मशीनमध्ये 'एसएस डॅश टीएलएन' पाहा. पोर्टच्या आधी ०.०.०.० असेल तर सर्व्हर सगळ्या दारांवर कान देऊन बसला आहे. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःशीच बोलतो, बाहेरच्याचं ऐकत नाही. डेटाबेस बसवल्यावर हे हमखास दिसतं. तेव्हा नेटवर्कला हात लावू नका, त्या सर्व्हरचीच सेटिंग बदलायची असते.

मागच्या वावरात निरोप पोचवायचा

आता या लेखाचा खरा गाभा. समजा, एक मशीन अशी हवी जिला लॅपटॉपचं दारच नाही. कचेऱ्यांत डेटाबेसचा सर्व्हर असाच आत ठेवतात. तिच्यापर्यंत जायचं तर पहिल्या मशीनमधूनच.

आपल्या शिवारात ही गोष्ट सगळ्यांच्या परिचयाची आहे. तुमचं वावर मागे, रस्त्याला लागून दुसऱ्याचं. बंडी न्यायची तर त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. त्याला तीन गोष्टी लागतात. बंडी हाकणाऱ्याला ठाऊक हवं की मागच्या वावराची वाट अमक्याच्या धुऱ्यावरून आहे. मधल्या कास्तकारानं जाऊ दिलं पाहिजे. आणि मागच्या वावरात थांबलेल्यालाही बाहेर पडायची वाट माहीत हवी, नाहीतर बंडी आत जाईल आणि माल तिथंच पडून राहील. शेताच्या वाटेचं भांडण झालं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. संगणकात तहसीलदार नाही, तिन्ही गोष्टी आपल्यालाच लावाव्या लागतात.

नवी मशीन पुन्हा उतरवू नका, पहिलीचीच क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. क्लोन काढताना सगळ्या कार्डांना नवे मॅक पत्ते द्यायचा पर्याय निवडायचा, हे विसरू नका. एकच मॅक पत्ता दोघींकडे राहिला तर उत्तर कधी हिच्याकडे जाईल, कधी तिच्याकडे. पहिलीला आपण 'मधली' म्हणू, क्लोनला 'मागची'.

मधलीला ॲडॉप्टर ३ चालू करा आणि तो इंटर्नल नेटवर्कला जोडा. जाळ्याचं नाव आपोआप इंटनेट येईल, तेच ठेवा. मागचीचा ॲडॉप्टर १ एनएटीवरून काढून त्याच इंटनेटला जोडा, ॲडॉप्टर २ बंद करा. नावात एका अक्षराचा फरक झाला तरी ती दोन वेगळी जाळी होतात. या जाळ्यात लॅपटॉप नाही आणि पत्ते वाटणाराही नाही, म्हणून पत्ते हातानं द्यायचे. मधलीचं तिसरं कार्ड ईएनपी०एस९, त्याला पूर्वीसारख्याच तीन ओळींत १०.१०.१०.१/२४ द्या. मागचीच्या फाइलीत ईएनपी०एस८ च्या ओळी पुसा, ईएनपी०एस३ ला डीएचसीपीऐवजी स्टॅटिक करा, पत्ता १०.१०.१०.२/२४ द्या, आणि इथं मात्र 'गेटवे १०.१०.१०.१' ही ओळ लिहा. मागच्या वावरातून निघायची हीच एक वाट आहे.

दोन्ही पुन्हा सुरू करून मधलीवरून १०.१०.१०.२ ला पिंग करा. हे जमेपर्यंत पुढं सरकू नका.

आता लॅपटॉपला वाट सांगायची. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा: 'राउट ॲड १०.१०.१०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.५६.१०'. म्हणजे १०.१०.१० नं सुरू होणारं जे काही असेल ते मधलीकडे द्यायचं. त्याआधी तुमच्या घरचा राउटर किंवा हॉटस्पॉट हेच आकडे वापरत नाही ना, एवढं 'आयपीकॉन्फिग'नं पाहून घ्या. वापरत असेल तर मागचं जाळं १०.२०.३० असं काहीतरी करा.

आणि शेवटी मधलीची परवानगी. लिनक्स मशीन मुळात दुसऱ्याचा निरोप पुढं देत नाही. आपल्या नावाचा नसेल तर टाकून देते. तिला सांगावं लागतं: 'सुडो सिसकटीएल डॅश डब्ल्यू नेट टिंब आयपीव्ही४ टिंब आयपी अंडरस्कोर फॉरवर्ड', मग बरोबरचं चिन्ह आणि १. चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

विंडोजवरून 'पिंग १०.१०.१०.२'. उत्तर आलं तर टीटीएल पाहा. या वेळी ६३ आहे. निरोप ज्या ज्या राउटरमधून जातो, तो त्यातला एक आकडा कमी करतो, म्हणजे वाट चुकलेला निरोप कायमचा फिरत राहत नाही. वहीतला ६४ आणि समोरचा ६३, यातला एक तुमच्या मधल्या मशीननं घेतला. तुम्ही बनवलेला राउटर काम करतो आहे याचा हा पुरावा. 'ट्रेसआरटी डॅश डी १०.१०.१०.२' केलंत तर दोन टप्पे नावानिशी, म्हणजे पत्त्यानिशी दिसतील.

उत्तर आलं नाही तर

अंदाजानं सेटिंग बदलू नका. निरोप कुठपर्यंत पोचला ते पाहा. विंडोजवर 'पिंग डॅश टी १०.१०.१०.२' चालू ठेवा, म्हणजे हाका थांबणार नाहीत. मधलीवर 'सुडो टीसीपीडम्प डॅश एन डॅश आय ईएनपी०एस८ आयसीएमपी' लावा. हे म्हणजे पुढच्या दाराशी बसून कोण आलं, कोण गेलं ते पाहणं.

इथं काहीच दिसत नसेल, तर निरोप लॅपटॉपातून मधलीकडे निघालेलाच नाही. विंडोजमधली वाट चुकली, 'राउट प्रिंट' करून तपासा. रिक्वेस्ट दिसते आहे पण रिप्लाय नाही, तर आता ईएनपी०एस९ वर तेच लावून मागच्या दाराशी बसा. पुढच्या दारातून आत आलेली रिक्वेस्ट मागच्या दारातून बाहेर पडताना दिसत नसेल, तर मधलीची परवानगी राहिली आहे. मागच्या दारातूनही रिक्वेस्ट जाते आहे आणि रिप्लाय येत नाही, तर मागचीला परतीची वाट माहीत नाही, म्हणजे गेटवेची ओळ चुकली.

पुढं ही मांडणी करताना भाचीचं नेमकं हेच झालं होतं. निरोप शेवटपर्यंत पोचत होता, पण मागच्या मशीनला १९२.१६८.५६.१ कुठं आहे हेच माहीत नव्हतं. ती जाण्याच्या वाटेवर दोन दिवस शोधत राहिली. माझ्या अनुभवात नव्या मुलांच्या निम्म्याहून जास्त अडचणी या परतीच्या वाटेतच निघतात, कारण निरोप पाठवताना आपलं सगळं लक्ष पुढं असतं. म्हणून काहीही अडलं, की पहिला प्रश्न हा विचारा: उत्तर देणाऱ्याला माझा पत्ता ठाऊक आहे का, आणि माझ्याकडे यायची वाट?

मागचीवरून लॅपटॉपला पिंग करायचं असेल, तर फायरवॉलच्या त्या नियमात १०.१०.१०.०/२४ सुद्धा जोडा. तिचा पत्ता आधीच्या यादीत नाही.

लाइन गेली तर

आपल्याकडे हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही. लॅपटॉपची बॅटरी थकलेली असेल आणि लाइन गेली, तर वर केलेल्या दोन गोष्टी पुसल्या जातात: विंडोजमधली वाट आणि मधलीची परवानगी. पत्ते फाइलीत आहेत, ते राहतात. सकाळी उठून सगळं सुरू केलं की काल चाललेलं आज चालत नाही, आणि मुलांना वाटतं आपल्याला काही येतच नाही.

सगळं नीट चालतं याची खात्री झाल्यावरच कायमचं करा. विंडोजमध्ये त्याच कमांडीत 'राउट'नंतर 'डॅश पी' घाला, बाकी सगळं तसंच. मधलीवर ईटीसीतल्या सिसकटीएल टिंब डी फोल्डरात, नावाच्या शेवटी टिंब कॉन्फ असलेली एक नवी फाइल करा आणि तीत परवानगीची ती एकच ओळ लिहा, सुडो वगैरे न लावता, नेटपासून एकपर्यंत. मग दोन्ही मशीनचा एकेक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घ्या. लाइन जायची वेळ ठरलेली असेल, तर त्याआधी खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा, मशीन होती तिथंच थांबते आणि तिथूनच उठते.

मग एकदा मुद्दाम लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. आधी मधली सुरू करा, मग मागची, आणि कशालाही हात न लावता १०.१०.१०.२ ला पिंग करा. ६३ दिसला पाहिजे.